भाकर पुढे गेली

शंभूरावांची नखं कधीच माणसाच्या नखांच्या रंगाची नसायची. कधी जांभळी, कधी हिरवट, लग्नसराईत तर लालभडक. रंगाऱ्याचा धंदा, त्याला कोण काय करणार. महिन्यातून एका रविवारी सकाळी मात्र ते लिंबाची फोड घेऊन पायरीवर बसायचे आणि नखं घासत राहायचे, कारण दुपारी त्याच हातांनी प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतली, भाकर मोडायची असायची. रंग जायचा नाही. नव्यानं आलेली माणसं त्या बोटांकडे बघून जरा बिचकायची. मला ती बोटं आवडायची. स्वच्छ हातांचे पाळक मी लहानपणापासून पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतल्या काहींबद्दल न बोललेलंच बरं.

मी मूळची नगरची. आजोबा पाळक, काका पाळक, त्यामुळे बायबल घोकून पाठ, आणि विश्वास मात्र विशीतच पातळ झालेला. नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा मनात म्हटलं, सुटले एकदाची, इथे कोणी रविवारी दार ठोठावणार नाही. मग एकदा आईची पिवळी पडलेली साडी रंगवायला देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीत गेले. दुकानातला म्हातारा साडीचा पदर घेऊन गल्लीत उन्हात उभा राहिला, रंग निरखून आत आला आणि फोनवरचं माझं बोलणं ऐकून म्हणाला, "मराठी का तुम्ही?" नाव विचारलं, आडनाव विचारलं, नगर म्हटल्यावर चर्च विचारलं. रविवारी कुठे असता म्हणाला. मी सांगितलं, घरी झोपलेली असते. त्यावर तो हसून म्हणाला, "मग आमच्याकडं या की. आमच्यातही दोघं-तिघं झोपतात, कोण काही म्हणत नाही."

असे शंभूराव माझ्या गळ्यात पडले, किंवा मी त्यांच्या.

दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी मराठी उपासना चालायची. पंधरा-वीस माणसं, बहुतेक माझ्यासारखी नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली. म्हैसुरात चर्चेस काही कमी नाहीत, कानडी आहेत, तमिळ आहेत, इंग्रजी आहेत. पण शंभूरावांचं म्हणणं असं की देवाशी बोलायला कानडी चालतं, रडायला मात्र मराठीच लागतं. त्यांच्या पूर्वजांना महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोलताना निम्मं कानडी यायचं, 'अल्ला' म्हणजे आपलं 'ना', 'नोडी' म्हणजे 'बघा', हे घातल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. शास्त्र वाचताना मात्र एकेक शब्द जपून उच्चारायचे.

त्यांच्या घराण्यात ते एकटेच ख्रिस्ती. बाकी सगळं कुळ हिंदू, पिढीजात रंगारी, कपड्यावर ठसे छापणारे. विशीत कावीळ होऊन मिशनच्या दवाखान्यात पडले असताना कोणीतरी त्यांच्या उशाशी शुभवर्तमानाची पुस्तिका ठेवली. बरे होऊन आले ते वेगळेच होऊन आले. वर्षभर घरात भांडणं झाली आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची बायको कमलाक्षी त्या दवाखान्यातली नर्स, जन्मानं कानडी ख्रिस्ती. बाईपायी धर्म बदलला असं लोक म्हणायचे, ते ऐकलं की शंभूरावांचं डोकं फिरायचं, कारण लग्न बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं होतं.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे वडील टी. नरसीपूरला गेले. तिथे कावेरी आणि कपिला मिळतात त्या घाटावर भटजी बोलावले, कणकेचा बाहुला केला, त्याला शंभूचं नाव दिलं, पिंड दिले आणि मुलाच्या नावानं आंघोळ करून परत आले. आपण बोलता बोलता म्हणतो ना, मी त्याच्या नावानं आंघोळ केली म्हणून. या माणसाच्या नावानं खरोखर केली गेली होती. पुढे बापाचं दुकान एका गल्लीत आणि मुलाचं दुसऱ्या. रोज समोरासमोर यायचे. मेलेल्या माणसाशी कोण बोलतं? बाप बोलला नाही.

ही शंभूरावांची साक्ष. दर वर्षी बाप्तिस्म्याच्या रविवारी ते उभे राहून ती सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बापानं माझ्या नावानं आंघोळ केली, पण वचन मी सोडलं नाही. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. मग सगळे आमेन म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे, निदान त्यांच्यासाठी. पुढचा भाग ते साक्षीत सांगत नसत, तो मला कमलाक्षीअम्मांकडून कळला. वडील वारले तेव्हा भावांनी तिरडीला हात लावू दिला नाही. शंभूराव रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, तिरडी निघून गेली, मग दुकानात येऊन त्यांनी भट्टी पेटवली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या रंगवल्या.

आमच्या माडीवरची एक रीत इथे सांगायला हवी. प्रभुभोजनाची भाकर कमलाक्षीअम्मा घरी करायच्या, मैद्याची, बिनखमिराची. शंभूराव ती मोडून ताटलीत घ्यायचे आणि प्रत्येकापुढे स्वतः घेऊन जायचे. पण कोणी उघड उघड चुकीच्या वाटेवर असेल आणि ती सोडत नसेल, तर त्याच्यापुढे ताटली थांबायची नाही, भाकर पुढे जायची. त्याला कोणी हाकलायचं नाही, गाणी त्यानंही म्हणायची, चहा त्यानंही प्यायचा. फक्त भाकर पुढे जायची. पापात राहून जो ती खातो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, ही शंभूरावांची पक्की समजूत होती. थांबवणं म्हणजे त्याला वाचवणं. माझ्या आजोबांच्या चर्चमध्येही असलं काही होतं, पण तिथे श्रीमंतांपुढे ताटली हमखास थांबायची.

इथे तसं नव्हतं, याचा पुरावा दामोदरराव. हे बेळगावकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीतले सगळ्यांत जुने आणि शंभूरावांचे जिवलग. बेळगावच्या घरावरून यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. शंभूरावांनी सांगितलं, आधी भावाशी समेट, मग भाकर. जवळजवळ वर्षभर दामोदरराव पहिल्या रांगेत बसून भाकर पुढे जाताना बघत राहिले. शेवटी बेळगावला गेले, घरावर पाणी सोडून, भावाला मिठी मारून आले. त्या रविवारी ताटली त्यांच्यापुढे थांबली तेव्हा दोघे म्हातारे असे रडले की द्राक्षरस मलाच वाटावा लागला.

आणि पेटीवर असायचा अनुराग, शंभूरावांचा एकुलता एक मुलगा. बँकेत नोकरी, बोलणं कमी, बोटं फार गोड. बापाच्या रांगड्या आवाजाला सांभाळून घेत तो असा वाजवायचा की शंभूराव सुरात गातात असं सगळ्यांना वाटायचं. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. मी एकदा चिडवलं, तर म्हणाला, "ताई, तुम्ही तरी नको." त्याच्या आवाजावरून मला काय समजायचं ते समजलं, आणि मी पुन्हा कधी चिडवलं नाही.

हुबळीच्या एका चांगल्या घरची मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा अनुरागनं दुकानात बापाला सांगितलं. मला मुली आवडत नाहीत अप्पा, मुलगे आवडतात. शाळेत असल्यापासून देवाला मागतोय की हे काढून घे. उपास केले, रडलो. त्यानं काढलं नाही. आता एका मुलीचा जन्म मी मातीत घालणार नाही.

शंभूरावांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी शास्त्र काढलं.

पुढचे काही महिने दुकान बंद झाल्यावर बाप-लेक त्या उकळत्या रंगाच्या वासात समोरासमोर बसून वाद घालायचे. मला शंभूराव मुद्दाम बोलवायचे. मी पाळकाची नात, अवघड मराठी शब्दांचा अर्थ सांगेन म्हणून. खरं तर त्यांना मधे कोणीतरी हवं होतं. वाद मात्र सरळ होता, त्यात कोणी कोणाला घालूनपाडून बोललं नाही. शंभूराव उत्पत्तीपासून सुरुवात करायचे, देवानं नर आणि नारी केली, त्यांना एक केलं. मग जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातलं, पुरुषानं पुरुषाशी निजू नये हे वचन काढायचे. अनुराग म्हणायचा, त्याच पुस्तकात, पानभर पुढे, दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये असंही आहे. "आणि आपण दिवसभर काय रंगवतो अप्पा? कॉटन-सिल्क."

यावर शंभूराव खरोखर विचारात पडले. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आले, कापडाचा नियम जुन्या कराराबरोबर संपला, पण हे प्रेषित पौलानं नव्या करारात पुन्हा लिहिलंय. अनुराग म्हणाला, पौलानं लिहिलं ते वासनेपायी वाहवत गेलेल्या लोकांबद्दल, मंदिरांतल्या शरीराच्या बाजाराबद्दल. दोन माणसं जन्मभर एकमेकांना सांभाळून राहतील हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं की नाही, कोणाला ठाऊक? ज्या षंढांना मंदिरात मज्जाव होता त्यांना देव पुढे स्वतः आत बोलावतो, हे त्यानं काढून दाखवलं. शंभूराव म्हणाले, "बोलावतो की. पण ते एकटे राहिले. तूही एकटा राहा, मी तुला काय म्हणत नाही." अनुराग बापाकडे वळला. म्हणाला, "तुम्हाला अम्मा मिळाली नसती तर राहिला असता?" शंभूरावांनी हो म्हटलं नाही. खोटं त्यांना जमायचं नाही.

मला हे ऐकवेना. शेवटी माझ्या स्वभावानं मी एकदा बोलून मोकळी झाले, की पुस्तक माणसांनी लिहिलं, त्यात चुका असणार, मिटवा आणि मुलाला जवळ घ्या. त्यावर बाप आणि मुलगा दोघेही एकाच वेळी माझ्यावर उलटले. शंभूराव म्हणाले, तुमचं सोपं आहे विभाताई, तुम्ही मानतच नाही. आणि अनुराग म्हणाला, "ताई, मला पुस्तक सोडायचं नाहीये. मला आत राहायचंय." माझा अविश्वास दोघांच्याही उपयोगाचा नव्हता. इतकी वर्षं मी तो अभिमानानं मिरवला होता.

शंभूरावांच्या मनातला खरा काटा वचनाचा नव्हताच. एका संध्याकाळी अनुराग निघून गेल्यावर तो बाहेर आला. हात रंगाच्या बादलीत तसेच ठेवून ते म्हणाले, "आज मुलासाठी मी हे वचन थोडं सरकवलं, तर तेव्हा बापासाठी का नाही सरकवलं? म्हातारा एवढंच म्हणत होता, घरात येशूला मान, फक्त देवघरातही नमस्कार कर. मी नाही केला. तो मेला, मला शिवू दिलं नाही. वचन सरकवता येत होतं तर मी बापाला कशाला सोडलं, सांगा."

अनुरागनं मात्र लपवायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी पेटीवरून उठून त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं, जे दुकानात सांगितलं होतं. बंगळुरात पवनकुमार नावाचा त्याचा मित्र आहे, त्याच्याबरोबर जन्म काढायचं मनात आहे, हेही सांगितलं. दोन कुटुंबं चहा न घेता गेली. बाकीच्यांनी चहा घेतला, पण कपात बघत.

दामोदरराव मागे थांबले. त्यांना मुलाबद्दल वाईट बोलायचं नव्हतं, अनुरागला त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. "शंभूराव, मला तुम्ही थांबवलंत. मी थांबलो. आता काय करायचं, ते तुम्हीच सांगा." एवढंच म्हणाले आणि जिना उतरले. मला त्यांचा संताप आला, आणि त्यांचं काही चुकलं नाही म्हणून जास्तच आला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं शंभूरावांना आयुष्यात कधी करता आलं नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी त्या आठवड्यात त्यांच्या तोंडावर पाहिलं.

प्रभुभोजनाचा रविवार दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आला. बन्नीमंटपाकडचे रस्ते दसऱ्याच्या मिरवणुकीच्या तालमीसाठी अडवले होते, म्हणून माणसं कमी होती. मला वाटलं होतं अनुराग येणार नाही. तो आला, पेटी उघडून बसला. शंभूरावांनी भाकर मोडली. नखं त्या दिवशी निळी होती. ताटली घेऊन ते एकेकापुढे थांबत गेले, दामोदररावांपुढे थांबले, माझ्यापुढे थांबले. मी, जिला देव आहे की नाही हेही माहीत नाही, तिला भाकर मिळाली. मग पेटी आली. अनुरागनं एका हातानं सूर धरून दुसरा हात पुढे केला होता. शंभूरावांचा पाय अडखळला. पुढे कमलाक्षीअम्मा बसल्या होत्या, भाकर त्यांच्याकडे गेली.

अनुरागनं गाणं पूर्ण वाजवलं. एकही सूर चुकला नाही. पेटीचं झाकण लावलं, उठला आणि जाता जाता बापापाशी थांबून हलक्या आवाजात विचारलं, "आंघोळ झाली का, अप्पा?"

शंभूराव ताटली हातात धरून तसेच उभे राहिले. अम्मांनी आपला तुकडा तोंडात घातला नव्हता, त्याचा त्यांच्या मुठीत चुरा झाला. महिन्याच्या आत अनुराग बंगळुरूला बदली घेऊन निघून गेला.

पुढच्या प्रभुभोजनाला शंभूरावांनी भाकर मोडली, सगळ्यांना दिली, आणि ताटली खाली ठेवून रिकाम्या पेटीशेजारी जाऊन बसले. स्वतः घेतली नाही. आम्हाला वाटलं विसरले. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी दामोदररावांनी ताटली त्यांच्यापुढे नेली, तर त्यांनी हात जोडले आणि मान हलवली. मग मी खाली दुकानात जाऊन त्यांना गाठलं.

"वचन बदलत नाही," ते म्हणाले. "ते बदललं असं मी सांगणार नाही, मला तसं दिसत नाही. पण पोरगं बाहेर असताना मी आत बसून खाऊ कसा? तो बाहेर, तर मी पण बाहेर."

मी चिडले. म्हटलं, हे इथे मला सांगून काय उपयोग, बंगळुरूची गाडी धरा आणि त्याला सांगा. ते म्हणाले, "काय सांगू? तुझं बरोबर आहे, म्हणून सांगू? खोटं होईल ते. चूक आहे सांगू? ते सांगून झालं अल्ला." मग त्यांनी माझ्याकडून, अम्मांकडून आणि दामोदररावांकडून वचन घेतलं की हे अनुरागला कळू द्यायचं नाही. कळलं तर बापाला खाता यावं म्हणून पोरगं मन मारून परत येईल. असं आलेलं नको. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ कोणत्या सुंभाचा होता ते मला त्या दिवशी कळेनासं झालं.

वर्षं अशीच गेली. दर रविवारी रात्री अनुरागचा फोन यायचा. बाप-लेक अम्मांच्या गुडघ्यांबद्दल बोलायचे, बंगळुरूच्या गर्दीबद्दल, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल. दोघांनाही एकमेकांचा आवाज हवा असायचा आणि दोघेही फोन आधी दुसऱ्यानं ठेवायची वाट बघायचे. नाताळात अनुराग यायचा तो उपासना संपल्यावर. केक खायचा, पेटीवरची धूळ पुसायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत जायचा. पवनकुमारचं नाव शंभूरावांनी कधी घेतलं नाही, पण निघताना अनुरागच्या हातात केकचे डबे दोन असायचे, आणि दुसरा कुणासाठी हे अम्मांना सांगावं लागायचं नाही. तो डबा शंभूरावच बांधायचे.

भाकर मात्र त्यांनी घेतली नाही. पुढे मोडायचं कामही दामोदररावांकडे सोपवलं. दामोदररावांनी त्यांच्या हातापाया पडून सांगितलं, प्रश्न मी विचारला होता, मला क्षमा करा आणि घ्या. शंभूराव म्हणाले, तुम्ही बरोबरच विचारलं. ज्या माणसानं या भाकरीसाठी बाप सोडला, तो दर वेळी तिला पुढे जाऊ देत पेटीशेजारी बसायचा. धंदा मुलाच्या वयाच्या कारागिराकडे गेला. नखं हळूहळू साध्या माणसाच्या रंगाची झाली. लिंबाची गरज संपली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात दामोदरराव छोट्या डबीत भाकर आणि द्राक्षरस घेऊन गेले, मी बरोबर होते. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं आम्हाला माहीत होतं, त्यांनाही असावं. दामोदररावांनी प्रार्थना केली आणि तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. शंभूरावांनी ओठ मिटून घेतले. मग म्हणाले, "अनुराग आला का?" निघालाय, येतोय, मी म्हटलं. "तो येऊ दे," म्हणाले. संध्याकाळी, अनुरागची गाडी मंड्याच्या आसपास असताना, ते गेले.

दफन झालं. अनुरागनं खांदा दिला, माती दिली. पवनकुमार आला होता, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. त्याला दामोदररावांनी हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाले, तू पण टाक. रस्त्याच्या पलीकडे शंभूरावांचे म्हातारे धाकटे भाऊ उभे होते. आत आले नाहीत, पण आले होते.

घरी आल्यावर कोणी दिवा लावला नाही. अम्मा खुर्चीत, अनुराग त्यांच्या पायांशी जमिनीवर, दामोदरराव आणि मी भिंतीला टेकून. पवनकुमार आत सगळ्यांसाठी कॉफी करत होता. दामोदररावांना राहवलं नाही. वचन मोडून ते बोलले. त्या रविवारी तुझ्यापुढून भाकर गेली ना, त्यानंतर तुझ्या बापानं एकदाही घेतली नाही. मरतानाही नाही. तू बाहेर म्हणून तेही बाहेर राहिले.

अनुरागनं मान वर केली. मग तो म्हणाला, "मी घेत होतो."

आम्हाला कळेना. तो हळूहळू सांगू लागला. बंगळुरूला गेल्यावर दोनेक महिन्यांत एक छोटी मंडळी सापडली. तिथे त्यानं सगळं सांगितलं, तरी त्याला आत घेतलं. पेटी नव्हती, ते त्याला कीबोर्डवर बसवायचे. तिथे भाकर दर रविवारी असते आणि ती कोणापुढून जात नाही. पवनकुमार देवाधर्माच्या वाटेला जात नाही, तो बाहेर गाडीत वर्तमानपत्र वाचत थांबतो. "दर रविवारी घेत होतो. आणि मग रात्री अप्पांना फोन करायचो."

अम्मा वाकल्या. त्यांनी विचारलं, मग हे त्यांना सांगितलं का नाहीस? अनुरागनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, त्यांना वाटलं असतं मी पापावर पाप करतोय, खाऊन स्वतःवर शिक्षा ओढवून घेतोय. रात्रभर झोपले नसते. त्यांना त्रास नको म्हणून मी सांगितलं नाही.

कमलाक्षीअम्मांनी त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. त्या रडत नव्हत्या. त्याच्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या, "शास्त्र त्यांचं मोठं होतं रे. पण बापच अल्ला ते. पोर जेवलंय एवढं कळलं असतं, तर तेही जेवले असते."

पवनकुमार कॉफीचा ट्रे घेऊन दारात येऊन थांबला होता. कोणाला काय द्यावं हे त्याला कळत नव्हतं. मी उठून ट्रे घेतला.